उलटं वचन

त्या रविवारी पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडलं तेव्हा त्यांच्या बायकोला आधी वाटलं, चुकून भलतंच पान निघालं.

ती दुसऱ्या बाकावर बसली होती. अंगात इस्पितळाचा पांढरा गणवेश, वरून स्वेटर, कारण उपासना संपली की तशीच ड्यूटीवर पळायचं होतं. इस्पितळात ती सिस्टर, देवळात पाळकीणबाई. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं प्रवचन तिनं क्वचितच चुकवलं होतं, आणि त्याच्या प्रवचनात पुढे काय येणार हे तिला भाजीच्या फोडणीसारखं वासावरून कळायचं. शांती, क्षमा, दुसरा गाल. मंडळीतली टवाळ पोरं त्यांना पाठीमागे 'सायलेन्सर' म्हणायची. दोन घरांत कितीही वाजलेलं असो, पाळकसाहेब जाऊन बसले, पाणी मागितलं, हळू आवाजात चार शब्द बोलले, की आवाज बंद. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना मनातून आवडायचंही.

त्यांचं लाडकं वचन सगळ्या मंडळीला पाठ होतं. लोक तरवारी मोडून नांगराचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या करतील, आणि कुणी लढाईची विद्या शिकणार नाही. आज तर तेच वाचणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. कारण आदल्या दिवशी जे घडलं होतं त्यानं सगळ्यांचं रक्त तापलेलं होतं.

देवळामागेच दफनभूमी होती आणि तिच्या पाठीमागे एक गोदाम बांधायचं काम चाललं होतं. भिंत कुणाच्या हद्दीत, यावरून वर्षभर बोलाचाली चालू होती. शनिवारी ठेकेदारानं वादाचा निकालच लावून टाकला. खोदाईचं मशीन आणलं, भिंत पाडली, आणि मशीन तसंच आत घुसलं. कडेच्या दोन कबरी उकरल्या गेल्या. त्यातली एक सिस्टरच्या आईची होती.

सिस्टरनं तो खड्डा पाहिला नव्हता. तिला पाहू दिला नव्हता. पाळकसाहेब जाऊन पाहून आले, बूट न काढता घरात शिरले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तिथं काही नाही गं आता. मातीच नाही." मग ते खोलीत गेले आणि जेवायला आले नाहीत. ती समजली, प्रवचनाची तयारी करतायत. सकाळी लोकांना शांत करायचंय.

आणि आता ते व्यासपीठावर उभे राहून वाचत होते ते त्या वचनाच्या बरोब्बर उलटं होतं. शास्त्रातच होतं, दुसऱ्या एका संदेष्ट्याचं. फाळ मोडा आणि त्यांच्या तरवारी करा. कोयत्यांचे भाले करा. दुर्बळानं म्हणावं, मी बलवान आहे.

आवाज हळूच होता, नेहमीसारखा. म्हणून ते जास्त भयंकर वाटलं. जणू कुणी अंगाईच्या चालीवर शिव्या देत होतं.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हणालं, आणि ते "आमेन" बाकाबाकावरून पुढे सरकत आलं. तिच्या शेजारची बाई रडत होती. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "एवढंच," ते म्हणाले, "आज मला दुसरं काही सांगायचं नाही."

सिस्टरनं मान वळवून आबांकडे पाहिलं. आबा तिचे वडील, जन्मभर सुतारकाम केलेले, खिडकीच्या बाकावर बसायचे. स्वभावानं इतके मऊ की घरात पिंजऱ्यात उंदीर सापडला तर तो मारू द्यायचे नाहीत, लांब नेऊन सोडायचे. आई म्हणायची, हे परत यायच्या आत उंदीर घरी पोचलेला असतो. आबांची जागा रिकामी होती. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधीच ते उठून गेले होते. त्यांना सहन झालं नसेल, असं तिला वाटलं. तिलाही कुठं झालं होतं!

नवऱ्याशी एक शब्द न बोलता ती इस्पितळात गेली.

अपघात विभागात ती पोचून नीटशी टेकलीही नव्हती, तोच एक टेम्पोवाला एका माणसाला घेऊन आला. अंगात शर्ट नाही, फक्त बनियन. डोक्याची डावी बाजू फुटलेली, कानातून रक्त. शुद्ध नव्हती, पण दोन्ही हातांनी एक गाठोडं छातीशी आवळलेलं होतं.

"कुठं सापडला?" तिनं जखमेवर कापूस दाबत विचारलं.

"दफनभूमीच्या फाटकात. मी समोरून चाललो होतो. एका म्हाताऱ्यानं फावडं घातलं बघा डोक्यात. एकच. पण काय घातलं!"

तिचा हात थांबला. देवळातून कुणीतरी गेलं होतं तर. कोण? तिच्या डोळ्यांपुढून मंडळीतले सगळे तापट चेहरे सरकले.

"पळाला का तो?"

"कसला पळतोय! तिथंच उभा. मला म्हणतो कसा, 'दुर्बळानं म्हणावं मी बलवान आहे.' मी म्हटलं, बाबा, आधी याला उचलायला हात लावा. तर लावला की हात. पायांकडून धरून चढवला टेम्पोत." टेम्पोवाल्यानं मान हलवली. "वेडा असावा. कानावर पेन्सिल होती, सुतारांची असते ना, चपटी."

रविवारी देवळात येतानासुद्धा आबा कानावरची पेन्सिल काढायला विसरायचे. आई असती तर दारातच काढून घेतली असती. सगळ्या मंडळीत दुसऱ्या कुणाच्या कानावर पेन्सिल नसायची.

डॉक्टर आले. तिनं काय केलं, कसं केलं, तिला पुढे कधीच आठवलं नाही. हात सवयीनं चालत होते. सुई, सलाईन, पट्टी. माणसाला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. तेव्हा कुठे वॉर्डातल्या मावशींनी तिच्या हातात ते गाठोडं दिलं.

"हे छातीशी धरलं होतं त्यानं. बोटं सोडवता सोडवेनात. त्याचाच शर्ट आहे, त्यात बांधलंय काहीतरी. बघा, ओळख पटण्यासारखं काही असलं तर."

तिनं टेबलावर ठेवून शर्टाच्या बाह्यांची गाठ सोडली.

आत हाडं होती. स्वच्छ पुसलेली, लांब हाडं एका बाजूला, लहान एका रुमालात. आणि एक लाकडी मूठ. काळ्या लाकडाची, आतल्या अंगाला तीन खाचा पाडलेली. आईची शवपेटी आबांनी स्वतः केली होती. खांदा देणाऱ्यांच्या घामेजल्या हातातून पेटी निसटू नये, म्हणून त्यांनी प्रत्येक मुठीला तशा खाचा पाडल्या होत्या.

मावशी "अगं बाई" म्हणून मागे सरकल्या. सिस्टर तशीच उभी राहिली. तिनं जन्मभर हाडं पाहिली होती, मोडलेली, चिरडलेली. तिनं हळूच रुमालाचं टोक परत आत दुमडलं, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं.

थोड्या वेळानं त्या माणसाची बायको धावत आली. पायात चपला नव्हत्या. तिला खुर्चीत बसवून सिस्टरनं विचारलं, तो तिकडं कशाला गेला होता.

"परत द्यायला," बायको म्हणाली. "तो मशीन चालवतो, सिस्टर. काल त्याला सांगितलं, भिंत पाड, आत जा, मोकळी जागा आहे. मशीनची पाटी खाली टेकली तेव्हा त्याला लाकूड दिसलं. मशीन बंद करून खाली उतरला, तर ठेकेदारानं दुसऱ्याला वर बसवला. माती मागच्या ओढ्याकाठी नेऊन टाकली. माझा माणूस घरी आला तो बोलेचना. पहाटेच उठून गेला, हातानं माती चाळत बसला. मी मागोमाग गेले, म्हटलं, कशाला या भानगडीत पडता? तर म्हणाला, कुणाची तरी आई असेल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांची प्रार्थना चाललेली असते या वेळेला, मधेच कसं जाणार, म्हणून फाटकात थांबतो म्हणाला. त्यांचे पाळक फार शांत माणूस आहेत, त्यांच्या हातात देतो, असं म्हणाला."

सिस्टरनं तिचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. "मी त्याच पाळकांची बायको" एवढं मात्र तिनं सांगितलं नाही.

तासाभराची सुट्टी मागून, ती मूठ गणवेशाच्या खिशात घालून ती आबांच्या घरी गेली.

आबांच्या घराच्या पुढच्या खोलीत अजूनही कामाचं बाक होतं, रंधे भिंतीला टांगलेले होते. आबा बाकाशी स्टुलावर बसले होते. पाळकसाहेब भिंतीला टेकून उभे. आणि खुर्चीत मंडळीचे कारभारी, निवृत्त हेडमास्तर. तिघांच्या मध्ये फावडं होतं. कुणीतरी ते धुतलं होतं.

"ये, बाळ," आबा म्हणाले. चेहरा शांत होता, डोळे मात्र भलतेच चमकत होते. "तुझ्या आईला पळवून नेत होता तो. गाठोडं होतं हातात, पडला तरी सोडलं नाही. मी पकडला."

"बसा पाळकीणबाई," हेडमास्तर म्हणाले. "झालं ते झालं. मी सगळ्यांशी बोललोय. त्या वेळी फाटकात आपलं कुणीच नव्हतं. टेम्पोवाला परका, त्याला कोण ओळखू येणार? आबांचं वय बघा. आणि आता हे वाढवलं तर दोन्हीकडची माणसं रस्त्यावर उतरतील. शांती करणारे ते धन्य, असं आपणच म्हणतो ना? तेव्हा तोंडं मिटायची. शांतता राखायची."

शांतता! हा शब्द तिनं इतक्या वेळा ऐकला होता, पण आज पहिल्यांदाच त्याला वास आला. धुतलेल्या फावड्याचा.

तिनं खिशातून मूठ काढली आणि बाकावर ठेवली.

आबांनी ती उचलली नाही. नुसतं बोट पुढे केलं आणि एका खाचेतून फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. स्वतःच्या हाताचं काम ओळखायला सुताराला डोळे लागत नाहीत.

"ही कुठं मिळाली?"

"त्याच्या गाठोड्यात. आईबरोबर." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तो नेत नव्हता आबा. तो आणून देत होता. सकाळपासून माती चाळून त्यानं आईला गोळा केलं, पुसलं, स्वतःच्या शर्टात बांधलं. यांच्या हातात द्यायला थांबला होता फाटकात. प्रार्थना संपायची वाट बघत."

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून हातातच धरून बसले. आबांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग जावयाकडे, अगदी तान्ह्या मुलाच्या नजरेनं. कुणीतरी म्हणावं, नाही, असं नाही. मग त्यांना ओकारी आली. ते बाकाच्या कडेला धरून वाकले आणि पोटात काही नसताना ओकत राहिले. तिनं त्यांची पाठ धरली. नर्सचे हात होते, ते धरणारच.

"मी फक्त वाचलं," पाळकसाहेब पुटपुटले. "शब्द माझे नव्हते. शास्त्राचे होते."

ती वळली. "हो, शास्त्राचे. आणि त्याच शास्त्रात दुसरं वचनही आहे. इतकी वर्षं तुम्ही ते वाचलंत. आज हे का काढलंत?"

त्यांनी दिलेलं उत्तर खरं होतं.

"कारण मला कुणाला तरी मारायचं होतं," ते म्हणाले. "तो खड्डा बघितल्यावर मला इतकं मारावंसं वाटलं... आणि माझ्या हातात पुस्तक होतं. रात्रभर शोधत होतो मी, शास्त्रात माझ्या बाजूनं कोण आहे ते. सापडलं." ते भिंतीवरून घसरत खाली जमिनीवर बसले. "शोधलं की सापडतं गं."

हेडमास्तर उठले. "हे बघा, हे सगळं आपल्यात राहू दे..."

"नाही राहणार," ती म्हणाली. "मी पोलीस ठाण्यात जाणार आहे."

"तू?" आबांनी तोंड पुसत वर पाहिलं. "माझ्याविरुद्ध?"

लहानपणापासून एक वचन आलं की तिच्या अंगावर काटा यायचा. प्रभू म्हणतो, मी शांती आणायला आलो असं समजू नका, मी तरवार आणायला आलो. घरातलीच माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहतील. हे शांतीच्या राजाचे शब्द कसे असतील, असं तिनं एकदा नवऱ्याला विचारलं होतं, आणि त्यानं हळू आवाजात बरंच काही समजावून सांगितलं होतं. त्यातलं आता एक अक्षर आठवत नव्हतं. ती बापासमोर उभी होती, एवढंच तिला कळत होतं.

"हो आबा. तुमच्याविरुद्ध."

आबांनी कानावरची पेन्सिल काढून बाकावर ठेवली आणि बूट शोधू लागले. बूट पायातच होते.

"चल," ते म्हणाले. "तुला एकटीला कशाला पाठवू?"

पाळकसाहेबही उठले. ती तिघं पायी गेली. हेडमास्तर दारातून ओरडत राहिले, की मंडळी फुटेल, आणि त्याला जबाबदार तुम्ही. ठाण्यात आबांनी सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. मग पाळकसाहेब म्हणाले, "माझंही लिहून घ्या. मी त्यांना तसं करायला सांगितलं."

"काय सांगितलंत? त्या माणसाला मारा म्हणून?"

"मी वचन वाचलं."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "पुस्तक वाचलं म्हणून मी कुणाला आत टाकू, पाळकसाहेब? घरी जा."

ते गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाहेर पायरीवर बसून होते. तिनं त्यांना या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. ती परत ड्यूटीवर गेली, कारण आत एक माणूस जगण्यामरण्याच्या मध्ये पडला होता.

हेडमास्तरांचं म्हणणं खरं ठरलं. मंडळी फुटली. अर्धे लोक तिच्याकडे बघेनासे झाले. सख्ख्या बापाला पोलिसांच्या हवाली करणारी बाई, असं कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही, पण बाजारात तिला बघून बोलणी थांबायची. उरलेल्या अर्ध्यांनी पाळकसाहेबांना दोष दिला. त्यांनी व्यासपीठ सोडलं. दुसरा पाळक येईपर्यंत मंडळी नुसती गाणी म्हणून घरी जाऊ लागली, आणि पाळकसाहेब शेवटच्या बाकावर बसून तीही म्हणायचे नाहीत. ठेकेदारानं मात्र भिंत मुकाट्यानं बांधून दिली, आधीपेक्षा उंच.

मशीनवाला वाचला. शुद्धीवर आला तेव्हा सिस्टर त्याच्या उशाशीच होती. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून बाहेर येत होते. डावा कान कायमचा गेला होता. तिनं ठरवून टाकलं होतं की पहिल्याच दिवशी त्याला सगळं सांगायचं, मी कोण, तो म्हातारा कोण. पण आधी त्यानंच विचारलं.

"ते... पोचलं का?"

तिला कळेना. मग कळलं, आणि हातातली पट्टी तशीच राहिली.

"पोचलं," ती म्हणाली. "माझी आई होती ती."

त्यानं डोळे मिटून घेतले, समाधानानं. एवढ्या साध्या समाधानानं की तिला तिथं उभं राहवेना. बाकीचं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते ऐकून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आबांना भेटायचंय, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं मान हलवली. नको. त्याच्या बायकोनं तर तिच्या हातचं पाणीही नाकारलं. पट्टी बदलायला दुसरी सिस्टर मागितली. त्यांना दुसरी मिळाली.

आईला पुन्हा पुरलं तेव्हा फक्त घरची माणसं होती. आबांचा जामीन झाला होता. नवी पेटी त्यांनीच केली, लहानशी. पाळकसाहेब पुस्तक घेऊन आले होते, पण त्यांनी ते उघडलं नाही, आणि कुणी उघडा म्हटलंही नाही.

त्यानंतर आबा रोज इस्पितळाच्या फाटकाशी येऊन उभे राहू लागले. सिस्टर येता जाता त्यांना बघायची. "जेवलात का?" असं विचारायची. ते "जेवलो" म्हणायचे. त्यापलीकडे बापलेकीत बोलणं उरलं नव्हतं.

मशीनवाल्याला घरी सोडलं त्या दुपारी ती त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली. जायचं नाही असं ठरवूनही गेली. तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत होता. आबा त्याच्या डाव्या हाताच्या खांबाशी उभे होते. त्याला बघताच त्यांनी दोन्ही हात जोडले. तो अगदी जवळून चालला होता. आबांचे ओठ हलले, ते काहीतरी बोलले, बराच वेळ बोलले. मशीनवाल्यानं मान वळवली नाही. बायकोनं वळवली, आणि परत पुढे केली. दोघं रिक्षात बसले आणि गेले.

आबा रिक्षा वळेपर्यंत बघत राहिले.

"ऐकलं ना गं त्यानं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! म्हातारा त्या एका शब्दावर राहिलेले दिवस काढू शकला असता.

"नाही, आबा," ती म्हणाली. "त्या कानानं त्याला ऐकू येत नाही."

आबांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांना ते कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं. तिनं त्यातला एक धरला, आणि दोघं रस्त्याच्या कडेनं घराकडे चालू लागली.